घर विकण्याआधीची वही

सोलापुरात सध्या ज्याच्या घरी जावे तो कुठेतरी राहायला निघालेला दिसतो. शनिवार पेठ, बेगम पेठ, विजापूर वेस या जुन्या वस्त्यांतील मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, दोन-तीन खोल्यांत संसार मावेनासे झाले. मग कोणी होटगी रस्त्याकडे घर बघते, कोणी मजरेवाडीकडे, कोणी नई जिंदगीकडे. विडी आणि यंत्रमाग कामगारांची कितीतरी कुटुंबे कुंभारीला गेली. 19 जानेवारी 2024 रोजी तिथल्या रे नगरमधील 15 हजार घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. त्यानंतर शाळेत मुलांचे दाखले मागायला येणाऱ्या आयांशी बोलताना प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य असे, "मॅडम, सामान बांधून झालं, पण कागद सापडत नाहीत."

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाताना सामान हलवावे लागते. वडिलार्जित घर विकून दुसरीकडे जाताना त्याआधी बरेच काही करावे लागते. एका वाचक भगिनीने मला विचारले, "सासऱ्यांचे घर विकायचे ठरले आहे. एवढ्या पसाऱ्यात आवराआवर कुठून सुरू करू?" आम्हीही अशाच एका घराच्या विक्रीतून नुकतेच बाहेर पडलो आहोत. त्यामुळे या महिन्यात त्याबद्दलच लिहिते.

बहुतेक जणी माळ्यापासून सुरुवात करतात. तांब्याचा बंब खाली येतो, जुन्या ट्रंका उघडतात, घरभर धूळ होते आणि आठ दिवसांत सगळ्यांचा उत्साह संपतो. माझे म्हणणे असे की माळ्याला अजून हात लावू नका. आधी 200 पानांची एक वही आणा. तिच्या पहिल्या पानावर सामान लिहायचे नाही. ज्यांचे नाव कागदावर आहे ते गृहस्थ हयात नसतील, तर हे घर आज कोणाकोणाचे आहे, ती नावे लिहायची.

आमच्या पहिल्या पानावर पाच नावे आली. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. दोन मुलगे, त्यांतले धाकटे माझे पती. आणि दोन मुली, माझ्या नणंदा. एक विजापूरला दिलेली, दुसरी पुण्याला. घरपट्टीचे बिल थोरल्या दिरांच्या नावाने येत होते. त्यामुळे मोहल्ल्यात सगळे त्यांनाच मालक समजत. पण घरपट्टीचे बिल म्हणजे कर कोणी भरायचा याचा कागद; मालकी त्याने ठरत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सासऱ्यांचेच नाव होते.

नावांपुढे हिस्से लिहायचे. सूरह निसाच्या 11व्या आणि 12व्या आयतीत ते थेट अपूर्णांकांत दिलेले आहेत. मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यातून मुलाला दोन भाग, मुलीला एक. आमच्या पाच जणांसाठी छेद काढला तर 48 येतो. अम्मींचे 6 भाग, प्रत्येक मुलाचे 14, प्रत्येक मुलीचे 7. बेरीज करून पाहा, 48 होतात. आकडे सोपे राहावेत म्हणून घर 48 लाखांना गेले असे धरा. म्हणजे एका नणंदेचे 7 लाख. सातवीतल्या मुलांना शिकवते तसे मी हे वहीत मांडले आणि वही जेवणाच्या दस्तरख्वानाजवळ ठेवून दिली. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. (तुमच्या घरी आजी-आजोबा हयात असतील किंवा मुलगा नसेल तर गणित बदलते. एखाद्या जाणकार आलिमांकडून आणि वकिलांकडून ते तपासून घ्या.)

या वाटणीच्या आधी मय्यतीचा खर्च, मग मृताची देणी, मग वसीयत असल्यास जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत ती, असा क्रम आहे. देण्यांत एक देणे घरातले पुरुष हमखास विसरतात: मेहर. नवऱ्याने हयातीत दिला नसेल तर ते विधवेचे कर्ज असते आणि वारसांच्या आधी ते फेडायचे असते. म्हणून निकाहनामा शोधा. आमच्याकडे तो अम्मींच्या पानदानाखालच्या डब्यात, चार घड्या घातलेला, उर्दूत लिहिलेला सापडला. घरातल्या पोरांना तो वाचता येईना; त्यांचे उर्दू मोबाइलपुरते. त्यात रुपयांपुढे 'सिक्का रायजुल-वक्त' असे लिहिले होते आणि पुढे दोन दीनार-ए-सुर्ख. म्हणजे चालू चलनातले रुपये आणि सोन्याच्या दोन मोहरा. रुपयांची रक्कम आज हसण्यासारखी, पण सोन्याची नाही.

इथे उर्दूच्या शिक्षिकेला एक आडवाट घेऊ द्या. मेहरपुढे 'मुअज्जल' हा शब्द असतो. उर्दूत तो दोन प्रकारे लिहितात. ऐन घालून लिहिला तर मेहर लगेच द्यायचा. वाव-हमजाने लिहिला तर तो पुढे, मृत्यू किंवा तलाकच्या वेळी द्यायचा. देवनागरीत उतरवला की दोन्ही शब्द सारखेच होतात आणि फरक पुसला जातो. म्हणून निकाहनाम्याची मराठी नक्कल करून मूळ कागद टाकून देऊ नका. जुन्या घरांत अशी बरीच कागदपत्रे असतात. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून, नळदुर्ग-तुळजापूरकडून आलेल्या कुटुंबांकडे 1948 पूर्वीचे निजामाच्या राज्यातले महसुली कागद उर्दूत आहेत. सोलापूर शहरातल्या काहींकडे मोडीतली खरेदीखते आहेत. वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत जातात. जाणकाराला दाखवल्याशिवाय काहीही फेकू नका.

आता बहिणींचा प्रश्न. आपल्या समाजात मुलीला वारसा आहे हे प्रत्येक जण व्याख्यानात अभिमानाने सांगतो. घर विकायची वेळ आली की तोच माणूस म्हणतो, "बहिणी सही देतीलच." हक्कसोडपत्र तयार असते. बहिणींना जेवायला बोलावतात, बिर्याणी होते, साडी देतात आणि सहीसाठी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेतात. अर्धे सामान बांधलेले, टेम्पो ठरलेला, घेणारा दाराशी. अशा वेळी कोणती बहीण नाही म्हणेल? तिने सही खुशीने दिली असे त्यानंतर सगळे म्हणतात.

आमच्या विजापूरच्या आपांनाही मी फोनवर हिश्श्याचे सांगितले तेव्हा त्या आपल्या दखनीत म्हणाल्या, "मेरे को क्या करना है हिस्सा-विस्सा, मैके का दरवाजा खुला रहना बस." हे वाक्य तुम्ही तुमच्या घरी ऐकले असेल, कदाचित स्वतः म्हटलेही असेल. त्याला मी खुशी म्हणत नाही. हिस्सा मागितला तर भाऊ दुरावतील, ईदला कोणी न्यायला येणार नाही, ही भीती त्यात आहे.

आमच्याकडे हे सहज मिटले नाही. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे घरात आधीपासून ठरलेले. अम्मी आणि दोघे भाऊ एकत्रच राहणार. बहिणींचे 14 लाख हिशेबात धरले तर होटगी रस्त्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट येत होता. न धरता दोन बेडरूमचा, तोही आणखी आत. दोन आठवडे घरात यावर बोलणे झाले, कधी मोठ्या आवाजात. दीर वाईट माणूस नाहीत. त्यांनी सासऱ्यांच्या आजारपणात बराच खर्च केला होता आणि तो कुठे धरायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हा वहीचे तिसरे पान त्या खर्चासाठी काढले. ज्या पावत्या होत्या त्या लावल्या. कर्ज म्हणून दिलेले काय आणि मुलगा म्हणून केलेले काय, हे त्यांनी स्वतःच वेगळे केले. कर्जाची रक्कम सगळ्यांच्या संमतीने आधी वजा झाली. मग उरलेल्याचे 48 भाग. आम्ही आज दोन बेडरूममध्ये राहतो. माझ्या मुलीचे टेबल बाल्कनीत आहे.

बहिणीला खरोखरच सोडायचे असेल तर? जरूर सोडावे, तो तिचा अधिकार आहे. पण आधी पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या. महिन्याभराने ती परत देते का ते तिला ठरवू द्या. यासाठी एक साधी व्यवस्था आहे. खरेदीखतात मोबदल्याची रक्कम लिहिताना प्रत्येक वारसाच्या नावापुढे त्याची रक्कम आणि चेक किंवा ड्राफ्टचा क्रमांक स्वतंत्र लिहायला सांगा. सगळी रक्कम एका भावाच्या खात्यात आणि 'तो मग देईल' असे होऊ देऊ नका. भाऊ कितीही सज्जन असो. उद्या त्याला काही झाले तर त्या पैशांचे वारस वेगळेच असतील.

यासाठी बहिणींचे स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि पॅन कार्ड लागते, आणि खरी अडचण इथे येते. आपल्या बायकांची नावे! शाळेच्या रजिस्टरमध्ये मी हे रोज बघते. समजा शाळेच्या दाखल्यावर 'रजिया', आधारवर 'रझिया बेगम', रेशन कार्डावर 'रजियाबी', आणि लग्नानंतर आडनाव कुठे शेख तर कुठे नवऱ्याचे नाव. माणूस एक, पण कार्यालयात चार बायका उभ्या राहतात. प्रतिज्ञापत्र करावे लागते, कधी राजपत्रात नाव बदलून घ्यावे लागते, आणि त्यात महिने जातात. म्हणून वहीत प्रत्येक वारसाला एक पान द्या. त्यावर आधार, पॅन, बँक पासबुक, जन्म किंवा शाळेचा दाखला यांवरचे नाव जसेच्या तसे उतरवा. फरक लगेच दिसतो. घेणारा शोधण्याआधी हे उरका. परगावच्या बहिणीला सारखे येणे जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करता येते, पण ते तिच्या विश्वासाच्या माणसाच्या नावाने आणि वकिलाने वाचून दाखवल्यावरच.

कागदांची फाइल फार मोठी नसते. मूळ खरेदीखत, सिटी सर्व्हेचा ताजा उतारा, मृत्यूचा दाखला, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, बांधकामाचा परवाना असल्यास तो, शेवटचे लाइट बिल. उताऱ्यावर वारस नोंद आधी करून घ्या. त्यालाही वेळ लागतो. घेणारा बँकेकडून कर्ज काढणार असेल तर बँक साधारण 30 वर्षांचा शोध मागते. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, तिला घाबरू नका. हरकत असल्यास आधीच कळावी म्हणून ती असते. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, एजंटच्या तर नाहीच. कोणाला कोणती झेरॉक्स कधी दिली, ते वहीत लिहा.

पैशांबद्दल थोडक्यात. इसार म्हणून 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे. रोख 'वरची रक्कम' देऊ करणारे भेटतातच. ती घेतली की बहिणींचा हिस्सा मोजायला खरा आकडाच राहत नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर घेणारा 1 टक्का कर कापून भरतो, त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. नफ्यावरचा कर प्रत्येक वारसाला आपापल्या हिश्श्याप्रमाणे लागतो. त्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतल्यास सूट मिळते. हे सीएला विक्रीच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि नवे घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आमच्या दिरांना हा मुद्दा फार आवडला.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, हे सांगणारी सूरह बकराची 282वी आयत कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. आपण तोंडी बोलण्यालाच विश्वास समजतो, म्हणून आठवण करून दिली.

आता माळ्याकडे वळा. माळ्यावरचे सामानही वारशातच येते. सासऱ्यांनी घेतलेली मोठी देग, लगन, पितळी हंडे, शिसवी पलंग, शिलाई मशीन, हे सगळे तरक्यात मोजायचे. अम्मींचे दागिने, त्यांनी माहेरून आणलेली भांडी आणि त्यांच्या पैशांनी घेतलेले ते त्यांचे. त्याची यादी अम्मींना बसवून आधी वेगळी केली. बाकीच्या वस्तू चारही भावंडे एका रविवारी आली तेव्हा अंगणात मांडल्या. किंमतवान वस्तूंचा भाव भांड्यांच्या दुकानदाराकडून काढून आणला होता. देग कोणालाच ठेवायला जागा नव्हती, ती मोहल्ल्यातल्या कार्यासाठी दिली. पुण्याच्या आपांनी फक्त पाटा-वरवंटा मागितला. तो एसटीने कसा न्यायचा यावर सगळे अर्धा तास हसत होते. ज्या वस्तूचा निर्णय त्या दिवशी झाला नाही, तिच्यासाठी एकच ट्रंक ठेवली. ट्रंक भरली की निर्णय घ्यायचाच.

कुरआनच्या जीर्ण प्रती, फाटलेले पारे, आयती छापलेले जुने उर्दू अंक, बिस्मिल्लाह असलेल्या लग्नपत्रिका यांचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक मुस्लिम घरात अडतो. ते रद्दीच्या ढिगात जाऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून एक स्वच्छ पिशवी वेगळी टांगा. बऱ्याच मशिदींत अशा कागदांसाठी पेटी असते. नसेल तर कापडात गुंडाळून पायदळी न येणाऱ्या जागी दफन करतात. रद्दीवाला दाराशी आल्यावर हे निवडायला बसाल तर काही ना काही निसटते.

घर बघायला येणाऱ्यांची वेळ ठरवून द्या. आम्ही असर ते मगरीब एवढीच ठेवली होती. अम्मींची खोली शेवटी दाखवायची आणि त्याआधी त्यांना सांगायचे. कोणी कधीही यावे असे ठेवले तर घरातल्या बायकांचा दिवस डोक्यावरचा पदर सावरण्यातच जातो. येणारा प्रत्येक जण सोलापूरचाच, त्यामुळे दिशा, पार्किंग राहिले बाजूला, पहिला प्रश्न "पाणी किती दिवसांनी?" ते रोज येत नाही हे त्यालाही माहीत असते. हौद किती लिटरचा, वरची टाकी किती, मोटर कोणती, पाणी रात्री येते की पहाटे, हे एका कागदावर लिहून दारामागे चिकटवले. तोच कागद पाहून एका खरेदीदार बाईंनी नवऱ्याला "हेच घर" म्हणून सांगितले. गळणारा कोपराही त्यात लिहिला होता. लपवून विकलेल्या घराच्या पैशांत बरकत नसते असे अम्मींचे मत. माझे मत असे की गळती पहिल्या पावसात कळतेच आणि मग फोन सुरू होतात.

प्रत्यक्ष हलण्याचे काम त्यामानाने सोपे. मे महिना टाळा, हमाल आणि तुम्ही दोघेही आजारी पडाल. रमजान टाळा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत टेम्पो मिळणे अवघड. मुलांची शाळा बदलणार असेल तर वर्ष संपल्यावर दाखला काढा. आम्ही दिवाळीच्या सुटीत हललो. खोक्यांवर 'स्वयंपाकघर' असे लिहू नका, सगळीच खोकी स्वयंपाकघराची निघतात. त्यांना क्रमांक द्या आणि क्रमांकापुढे आत काय आहे ते वहीत लिहा. काचेच्या वस्तूंना जुन्या सोलापुरी चादरीसारखे आवरण नाही. आरसा, टीव्ही, चिनी मातीच्या बरण्या, सगळे त्यांतच गेले. एक पिशवी मात्र टेम्पोत द्यायची नाही: औषधे, जानमाज, लोटा, चहापत्ती, साखर, मेणबत्ती, आणि कागदांची फाइल. पिंपे आणि घागरी शेवटच्या फेरीत, कारण नव्या जागेचे पाणी कधी येणार हे पहिल्या दिवशी कोणी खात्रीने सांगत नाही.

चावी देताना वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढून दोन्ही बाजूंनी तारखेसह सही केली. मग पत्ते: आधार, गॅस, रेशन, बँक, मतदार यादी. अम्मींच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा होता, तो आधी उरकला. तरीही जुन्या पत्त्यावर काही महिने टपाल येत राहते. म्हणून नव्या मालकांच्या सूनबाईंना माझा नंबर देऊन ठेवला होता. परवा त्यांचा फोन आला. विम्याची पावती आली आहे, घेऊन जा, म्हणाल्या. आणि जाता जाता विचारले, "आपा, हौदाचा तो मागचा वॉल्व्ह डावीकडे फिरवायचा की उजवीकडे?"